आधी विचारा, मग फोटो ठेवा

१९२५ साली अनातोल जोसेफो यांनी न्यूयॉर्क शहरात आपोआप फोटो काढणारे यंत्र सुरू केले. २५ सेंटमध्ये ८ फोटो मिळत. फोटो थेट कागदावर उमटत. यंत्रात प्रत उरत नसे.

आज लग्नसमारंभात हेच काम संगणक करतो. फोटोभोवतीची चौकट, नावे, तारीख, व्हिडिओ किती सेकंदांचा, हे सारे आधी ठरवता येते. परंतु आता प्रत संगणकात उरते. ती कोणाच्याही मोबाइलवर जाऊ शकते.

म्हणून माझ्या मते सजावटीच्या आधी एक नियम ठरवावा. फोटो प्रथम पाहुण्याला दाखवावा. तो 'ठेवा' म्हणाला तरच ठेवावा. नाहीतर लगेच पुसावा. यामुळे रांग थोडी लांबेल. लांबू द्या! समारंभ आपला असला, तरी चेहरा पाहुण्याचा असतो.