दामदुप्पट, दोन व्हाउचर आणि आपला निधी



आपल्या मंडळाच्या कमिटीची चिठ्ठी सगळ्यांना पोचली असेल. सभासदांचा परस्पर सहाय्यक निधी बंद करायचा आणि साठलेली रक्कम म्युच्युअल फंडात टाकायची, असा ठराव येतोय. कारण काय, तर आता कर्ज मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतं, मग हे महिन्याचे शंभर शंभर रुपये गोळा करत कोण बसणार? "पैसा निजून राहिलाय, त्याला कामाला लावूया" असंही त्यात लिहिलंय. मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्जाच्या टेबलावर. माझा या ठरावाला विरोध आहे. कशासाठी, ते सविस्तर लिहितो. लांबेल, तेव्हा चहा घेऊनच बसा.

पहिला प्रश्न असा, की दोन मिनिटांत मिळणारा हा पैसा येतो कुठून? दहातले नऊ जण सांगतील की लोक ठेवी ठेवतात आणि बँक त्याच पुढे कर्जाऊ देते. काउंटरच्या बाहेरून तसंच दिसतं. काउंटरच्या आत मात्र कर्ज मंजूर झालं की आम्ही दोन व्हाउचर करायचो. एक डेबिट, कर्जदाराच्या कर्जखात्याला. एक क्रेडिट, त्याच्याच बचत खात्याला. समजा वाडीतल्या एका शिंप्याला मशीनसाठी पाच हजार दिले. त्या दिवशी कुठल्याही ठेवीदाराच्या पासबुकातून एक पैसाही कमी होत नसे. तरी संध्याकाळी डे-बुक जुळायचं, आणि शाखेच्या ठेवी पाच हजारांनी वाढलेल्या असायच्या. म्हणजे ठेवीतून कर्ज नव्हे, कर्जातून ठेव. शिंपी हप्ते फेडत गेला की तो पैसा पुन्हा पुसला जायचा. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ साली आपल्या त्रैमासिकात हेच स्वच्छ लिहून टाकलं, तेव्हा जगाला केवढा अचंबा वाटला! आमच्या हेड कॅशियरला वाटला नसता.

अर्थात बँकेला वाटेल तेवढा पैसा निर्माण करता येतो असं नाही. शिंप्याने मशीनवाल्याला दिलेला चेक दुसऱ्या बँकेत जातो, क्लिअरिंगला खरे पैसे मोजावे लागतात. रिझर्व्ह बँकेचा लगाम असतो. १९९० च्या सुमारास सीआरआर १५ टक्के आणि एसएलआर साडेअडतीस टक्के होता, म्हणजे शंभर रुपयांच्या ठेवीमागे निम्म्याहून जास्त रक्कम अडकलेली. तो लगाम नंतर बराच सैल झाला. पण मुद्दा तोच राहतो. तुमच्या-माझ्या खात्यात जो आकडा दिसतो, त्यातला फार मोठा भाग कुणाच्या तरी कर्जाच्या पोटी जन्मलेला आहे. सगळ्यांनी एकाच दिवशी सगळी कर्जं फेडली, तर बाजारातला बराचसा पैसाच नाहीसा होईल.

इथे आपल्या व्हॉट्सअ‍ॅप पंडितांचा एक आवडता दावा येतो, "मुद्दल निर्माण होतं, व्याज निर्माण होत नाही, म्हणून कर्ज फिटणं गणितानेच अशक्य." हे अर्धं खरं आहे. बँकेला मिळालेलं व्याज बँक गिळून बसत नाही. त्यातून ठेवीदारांना व्याज जातं, आमचे पगार झाले, शाखेचं भाडं गेलं, ते सगळं बाजारात परत आलं. अशक्य काही नाही. पण जुनी कर्जं फिटताना तेवढीच किंवा थोडी जास्त नवी कर्जं निघत राहिली नाहीत, तर पैशाची चणचण होते, धंदे बसतात, मग सरकार आणि बँका दोघं मिळून "कर्ज घ्या, कर्ज घ्या" म्हणून मागे लागतात. सायकल चालवणाऱ्याने पॅडल मारणं थांबवलं की तो पडतो, तसं हे. म्हणून दर वर्षी जास्त फ्लॅट, जास्त गाड्या, जास्त सिमेंट.

माती, पाणी आणि माणसाचं शरीर मात्र चक्रवाढीने वाढत नाही. बारा टक्क्यांनी रक्कम सहा वर्षांत दुप्पट होते. विश्वामित्रीचं पात्र दर सहा वर्षांनी दुप्पट रुंद झालेलं कुणी पाहिलंय? उलट आपण ते दोन्ही बाजूंनी दाबलं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आपल्यातल्या किती जणांच्या घरात पाणी शिरलं, ते आठवा. नदीकाठची सखल जमीन मोकळी ठेवावी हे न कळण्याइतका बिल्डर काही खुळा नसतो. पण जमीन प्रोजेक्ट लोनवर घेतलेली असली की व्याजाचं मीटर रात्रीसुद्धा पळतं. अशा माणसाला तळं दिसत नाही, चौरस फूट दिसतात. फ्रेडरिक सॉडी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला १९२१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. त्याने पुढे १९२६ साली पुस्तक लिहून हेच मांडलं, की खरी संपत्ती झिजते, कुजते, गंजते आणि कर्ज मात्र कागदावर वाढतच राहतं. अर्थशास्त्र्यांनी त्याला वेड्यात काढलं.

आपल्या पूर्वजांना हे सॉडीच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. 'दामदुप्पट' हा शब्द आपण आज कुठे वाचतो? गुंतवणुकीच्या जाहिरातीत. १९८८ साली किसान विकास पत्रं आली, साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट, तेव्हा पोस्टाच्या एजंटांनी हा शब्द घरोघर पोचवला. मूळ अर्थ नेमका उलटा. हिंदू धर्मशास्त्रात दामदुप्पट ही सावकाराला घातलेली वेसण होती. एका वेळी मागायचं व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये. शंभर दिले असतील तर बाकी कितीही वर्षं तुंबलेली असो, दोनशेच्या वर मागणी नाही. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी हा नियम इंग्रजी अमलातही पाळला. आता बँकांना तो लागू नाही. एवढंच काय, १९८४ साली बँकिंग रेग्युलेशन कायद्यात कलम २१ अ घातलं गेलं. बँकेचा व्याजदर फार जास्त आहे, या कारणावरून कोर्टाला तो व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. जी वेसण होती तिचं आमिष झालं, आणि आपण टाळ्या वाजवल्या.

आता आपल्या गावाकडे येतो. बडोद्याला तर कर्जाचा अनुभव दोनशे वर्षांचा. गायकवाडी राज्य एके काळी पोतदार सावकारांच्या जिवावर चालायचं. हरिभक्तीची पेढी, गोपाळराव मैराळांची पेढी ही नावं जुन्या बडोदेकरांना सांगायला नकोत. फौजेचा पगार तुंबला की सावकार पैसे देणार आणि महालांचा वसूल त्यांच्याकडे जाणार. पुढे त्या कर्जांना कंपनी सरकारने हमी दिली, तीच ती बहांदारी. आणि त्या हमीच्या दोरीनेच इंग्रज दरबारात शिरले. आपलं राज्य लढाईत हरलं त्याहून जास्त खतावणीत हरलं, असं माझं मत आहे. कुणाला पटणार नाही, चालेल.

आणि याच गावात, १८८९ साली, विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकरांच्या मार्गदर्शनाखाली मध्यमवर्गीय मराठी माणसांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली. रिझर्व्ह बँकेच्या कागदपत्रांत तिला बहुधा देशातली पहिली परस्पर सहाय्य संस्था म्हटलंय. तेव्हा सहकाराचा कायदासुद्धा नव्हता, तो आला १९०४ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. आपल्या बेळगावच्या वाचकांना सांगतो, बेळगाव पायोनियर आणि गोकाक अर्बन या दोन्ही फेब्रुवारी १९०६ च्या, आणि पुण्याची कॉसमॉस त्याच वर्षी जानेवारीतली. ही नावं समारंभात घ्यायची, फोटोला हार घालायचा आणि घरचा निधी मात्र "निजलेला पैसा" म्हणून मोडायचा, याला काय म्हणावं?

'अन्योन्य' म्हणजे एकमेकांचं. त्यातली युक्ती साधी आहे. सभासदांनी खर्चातून मागे टाकलेला पैसाच फिरतो, दोन व्हाउचरांनी नवा जन्मत नाही. आपला निधी तसाच चालतो. कुणाच्या घरी ऑपरेशन निघालं, मुलीची फी भरायची राहिली, तर वर्षाला सहा टक्क्यांनी पन्नास हजारांपर्यंत मिळतात. व्याज येतं ते पुन्हा निधीतच, म्हणजे आज देणारा उद्या घेणारा असतो. निधीत पैसे संपले तर पुढच्याला दोन महिने थांबावं लागतं. कमिटीला हा दोष वाटतो. मला हाच त्यातला सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण शिल्लक नसलेलं उधळता येत नाही. भिशी, जिला आपल्या गुजराती शेजारणी वीसी म्हणतात, तीही याच तत्त्वावर चालते. तिला ना सिबिल स्कोअर लागतो, ना प्रोसेसिंग फी.

मला ठाऊक आहे, लगेच कुणीतरी म्हणेल, "काका, सहकारी बँका बुडाल्या त्याचं काय?" बुडाल्या. २००१ साली अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल कोसळली आणि तिच्यात ठेवी ठेवलेल्या गुजरातभरच्या लहान सहकारी बँकांचे श्वास अडकले. पण ती बुडाली कशाने? सभासदाच्या ऑपरेशनला पैसे दिले म्हणून नव्हे, शेअरबाजारातल्या दलालाला अफाट कर्ज दिलं म्हणून. एकमेकांना ओळखणाऱ्यांच्या पेढीचा धर्म सोडून "पैसा कामाला लावायला" निघाली आणि गेली. आपल्या कमिटीच्या चिठ्ठीतलं वाक्य पुन्हा वाचा.

परदेशातही याचे प्रयोग झालेत. ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावाने १९३२ च्या मंदीत स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांच्यावर दर महिन्याला एक टक्क्याचं तिकीट चिकटवावं लागे, म्हणून नोट कुणी दाबून ठेवत नसे. रस्ते झाले, लोकांना काम मिळालं, आणि वर्षभराने त्यांच्या मध्यवर्ती बँकेने ते बंद पाडलं. स्वित्झर्लंडमधली वीर मात्र १९३४ पासून आजतागायत चालू आहे. तिथे लहान धंदेवाले एकमेकांचा माल फ्रँकऐवजी वीरच्या जमाखर्चात घेतात. त्याच देशात बँकांचा पैसा निर्माण करण्याचा हक्कच काढून घ्यावा, यासाठी जून २०१८ मध्ये सार्वमत झालं. चारातल्या तिघांनी नकार दिला. मला त्या नकाराचा राग नाही. अख्ख्या देशाचं चाक एका रात्रीत बदलायचं म्हटल्यावर माणूस घाबरणारच. म्हणून मी खालून, छोट्या निधीतून सुरुवात करा म्हणतो.

सोनं आणि बिटकॉइनवाल्यांसाठी दोनच वाक्यं. रिझर्व्ह बँकेला नोटांमागे किमान ११५ कोटींचं सोनं आणि एकूण २०० कोटींची गंगाजळी ठेवावी लागते, हा आकडा १९५७ पासून तसाच आहे, म्हणजे सोन्याचा आधार केव्हाच नावापुरता उरलाय. आणि बिटकॉइन ज्याने आधी घेतलं त्याला श्रीमंत करतं. ऑपरेशनच्या दिवशी शेजाऱ्याला काही देत नाही.

आपल्या निधीने देशाची चलनव्यवस्था बदलेल असा माझा दावा नाही. त्यातला रुपयासुद्धा शेवटी कुठल्यातरी बँकेच्या व्हाउचरातूनच आलाय. पण तो आपल्यात फिरतो तोवर त्याच्यावर नवं कर्ज चढत नाही आणि त्याचं व्याज गावाबाहेर जात नाही.

ठरावाला माझी दुरुस्ती अशी आहे. निधी बंद करू नये. पन्नास हजारांची मर्यादा वाढवायची तर आधी वर्गणी वाढवावी, बाहेरून एक रुपयाही उचलू नये. शेअर, फंड, फ्लॅट, लग्नाचा हॉल यांसाठी कर्ज नाही. औषधपाणी, शिक्षण, हत्यारं-मशीन आणि छपराची दुरुस्ती यांसाठीच. छतावरचं सोलर आणि पावसाचं पाणी साठवायची टाकी यांना चार टक्क्यांनी द्यावं. आणि नियमावलीत दामदुप्पट लिहून काढावी, जुन्या अर्थाने: थकबाकी किती का असेना, व्याज मुद्दलाच्या वर नाही. तरुणांना रजिस्टरचा कंटाळा येत असेल तर हिशेब मोबाइलवर घ्या, मला त्याचं वावडं नाही.

दुरुस्तीला अनुमोदक हवाय. सभा पहिल्या रविवारी सकाळी दहाला आहे. निधीची सगळी जुनी रजिस्टरं मी सोबत आणतोय. बुडीत कर्ज किती निघालं, ते मतदानाच्या आधी प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.