पत्ता शेवटाकडून वाचा

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की संध्याकाळी आमच्याकडे माणसे येऊ लागतात. पूर्वी ती उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किंवा अडलेल्या जातपडताळणीसाठी येत. ती कामे आजही आहेतच. पण आता बहुतेकांच्या हातात मोबाईल असतो आणि प्रश्न असतो, "दादा, ही वेबसाईट खरी आहे का?"

प्रश्न विचारतात, हे आम्हांला चांगले लक्षण वाटते. कारण न विचारता फॉर्म भरून मोकळे होणारेही पुष्कळ आहेत. त्या फॉर्मात आपण काय देतो, हे जरा आठवून पाहा. आधार क्रमांक, बँकेचे खाते, जातीचा दाखला, मुलीचा फोटो, बापाचा मोबाईल नंबर. घराची सगळी कागदपत्रांची पिशवीच आपण अनोळखी माणसाच्या हाती देतो.

मागे एकदा आमच्या वस्तीतल्या, घरकाम करणाऱ्या एक ताई मुलीला घेऊन आल्या. व्हॉट्सॲपवर निरोप फिरत होता: अनुसूचित जातीच्या मुलींना ५०,००० रुपये शिष्यवृत्ती, शेवटचे दोन दिवस. मुलीने फॉर्म भरत आणला होता. फक्त ४९९ रुपये "पडताळणी शुल्क" भरायचे राहिले होते, कारण पैशाचा व्यवहार बापाच्या मोबाईलवर आणि बाप पाळीवर गेलेला. आम्ही ते पान पाहिले. वर राजमुद्रा, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, खाली मंत्रालयाचे चित्र. पत्ता मात्र डॉट कॉमने संपत होता. आम्ही ही वेबसाईट खोटी आहे असे सांगितले, तेव्हा ताई म्हणाल्या, "पण वर बाबासाहेब आहेत की हो!"

फसवणाऱ्याला हेच पाहिजे असते. आपण कोणाच्या फोटोपुढे मान लवतो, हे त्याला ठाऊक असते.

आम्ही पोटापाण्यासाठी कारकुनी करतो. आमच्या टेबलावर रोज पत्रे येतात. वर छापलेली राजमुद्रा पाहून कोणी कारकून पत्र खरे धरत नाही, कारण ती कोणत्याही छापखान्यात छापून मिळते. आम्ही जावक क्रमांक पाहतो, दिनांक पाहतो, सही कोणत्या पदाची आहे ते पाहतो. तरीही शंका राहिली तर त्या कार्यालयाला फोन करतो. आणि तो नंबर आमच्या वहीतला असतो, त्या पत्रावर छापलेला नव्हे. वेबसाईटच्या बाबतीतही एवढेच करायचे आहे. चित्रे पाहायची नाहीत, पत्ता पाहायचा.

पत्ता मोबाईलच्या पडद्यावर सर्वांत वर किंवा खाली एका पट्टीत असतो. अर्धाच दिसत असेल तर त्यावर बोट टेकवा, पूर्ण दिसेल. सुरुवातीचे एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा सोडून द्या. पुढे जिथे पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून उलटे, शेवटाकडून वाचत या. आपण पाकिटावर आधी नाव लिहितो, मग चाळ, मग मुक्काम पोस्ट, आणि जिल्हा शेवटी. टपाल खात्याचा माणूस मात्र आधी जिल्हा पाहतो. इथेही तसेच आहे.

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज आपल्या राज्यात महाडीबीटीवर भरतात. तिचा पत्ता महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन असा आहे. शेवटाकडून आधी 'इन', मग 'जीओव्ही'. हे जीओव्ही डॉट इन फक्त शासकीय संस्थांना मिळते. डॉट कॉम, डॉट ऑर्ग किंवा नुसते डॉट इन मात्र थोडे पैसे भरून कोणालाही घेता येते. म्हणून लबाड माणूस पत्त्याच्या सुरुवातीला महाराष्ट्र लिहितो, जीओव्ही लिहितो, टिंबाच्या जागी आडवी रेघ घालतो आणि शेवटी गुपचूप डॉट कॉम लावतो. डावीकडून वाचणारा निम्म्यावर समाधान पावतो. उजवीकडून वाचणाऱ्याला लगेच कळते.

आता त्या कुलपाविषयी. पट्टीत कुलूप दिसले की वेबसाईट सुरक्षित, असे पुष्कळांनी सांगून ठेवले आहे. त्यात अर्धेच खरे आहे. कुलूप म्हणजे तुमच्या मोबाईलपासून त्या वेबसाईटपर्यंतची वाट बंद आहे, मधला माणूस तुमचे लिहिलेले वाचू शकत नाही. रजिस्टर टपालासारखे. पण पाकिटावर पत्ताच चोराचा असेल तर रजिस्टर टपालही ते सुखरूप चोराकडेच पोचवील. हे कुलूप चोरालाही फुकटात मिळते. लोकांचा असा गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ साली आपल्या क्रोममधून ते चिन्ह काढून दुसरे लावले. कुलूप नसेल तर माहिती भरू नका हे ठीक आहे, पण कुलूप आहे म्हणून भरा असे मात्र नाही.

कोणी विचारील, जीओव्ही नसलेली प्रत्येक वेबसाईट खोटी का? तसे नाही. रेल्वेच्या तिकिटांची आयआरसीटीसी डॉट सीओ डॉट इन वर आहे आणि ती खरी आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना नव्या नंबर प्लेट बसवण्याचे काम महाराष्ट्रात तीन खासगी कंपन्यांना दिले गेले, त्यांच्या वेबसाईटही जीओव्हीच्या नव्हत्या. रिक्षावाल्या बांधवांची इथेच गोची झाली. २०२५ साली अशा नोंदणीच्या बनावट वेबसाईट निघाल्या आणि परिवहन खात्याला सायबर पोलिसांकडे जावे लागले. अशा वेळी वहीतला नंबर वापरायचा. म्हणजे आधी खात्याच्या स्वतःच्या, जीओव्ही डॉट इन असलेल्या वेबसाईटवर जायचे आणि तिथे दिलेल्या दुव्यावरूनच पुढे सरकायचे. गूगलवर शोधून जे पहिले येईल ते उघडू नका. पहिल्या ओळी पुष्कळदा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात आणि त्यावर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' असे लिहिलेले असते.

म्हाडाचेही तेच. २०२४ साली मुंबई मंडळाच्या २,०३० घरांच्या सोडतीच्या वेळी म्हाडासारखीच दिसणारी बनावट वेबसाईट उघडकीस आली. म्हाडाचा खरा पत्ता म्हाडा डॉट जीओव्ही डॉट इन असा संपतो. आयुष्यभर दहा बाय बाराच्या खोलीत राहिलेल्या माणसाला घराचे आमिष दाखवणे किती सोपे आहे, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

बँकांच्या बाबतीत एक चांगले झाले. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सर्व बँकांना आपले पत्ते 'बँक डॉट इन' खाली नेण्यास सांगितले, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. हा शेवट बँकांनाच मिळतो. तेव्हा पासबुकावरचा जुना पत्ता पाहून गोंधळू नका, नवा कोणता ते शाखेत जाऊन विचारा. काउंटरवरची मंडळी कुरकुर करतील, करू द्या.

पत्ता पाहायचे राहून गेले, तरी मागणी पाहून सावध होता येते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीच्या अर्जाला शुल्क नाही. सायबर कॅफेवाला भरून देण्याचे पैसे घेतो, ते त्याच्या मेहनतीचे. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. आणि "हे ॲप उतरवून घ्या" म्हणून व्हॉट्सॲपवर फाईल आली तर ती उघडूच नये.

पैसे गेलेच, तर रडत बसण्यात किंवा नवऱ्यापासून लपवण्यात वेळ घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी तक्रार पोचली तर ते गोठवता येतात. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन येथेही करता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि त्या पानाचा पत्ता दिसेल असा पडद्याचा फोटो जवळ ठेवा. तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून घ्या.

त्या ताईंचे पैसे गेले नाहीत, पण मुलीचा आधार क्रमांक आणि खाते क्रमांक त्या पानावर लिहून झाला होता. अशा वेळी यूआयडीएआय डॉट जीओव्ही डॉट इन वर जाऊन आधारचे बायोमेट्रिक बंद करून ठेवता येते, म्हणजे कोणी अंगठ्याच्या ठशावर व्यवहार करू शकत नाही. पैसे पडत नाहीत, फक्त मोबाईल नंबर आधारशी जोडलेला हवा. मायलेकींनी आमच्यासमोर बसूनच ते केले. रेशनच्या दुकानात अंगठा लावायला जाताना ते थोड्या वेळापुरते उघडावे लागते, हे आम्ही ताईंना दोनदा सांगितले.