पोटाची शस्त्रक्रिया आणि पदरचा पैसा

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेल्या लोकलगाडीत विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ ही स्थानके जसजशी मागे पडतात तसतशी बायकांच्या डब्यातील गर्दी ओसरू लागते आणि बोलणी मोकळी होऊ लागतात. भाजीचे भाव, मुलांच्या परीक्षा आणि घरातील दुखणीखुपणी हे विषय जुनेच आहेत. अलीकडे त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. वाढलेले पोट सपाट करून देणारी शस्त्रक्रिया, वैद्यकशास्त्रातील ‘अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी’ आणि बोलण्यातील ‘टमी टक’, हा तो विषय होय. एके काळी चित्रपटतारकांच्या संदर्भात कुजबुजण्याची ही गोष्ट आता बँकेतील लिपिक, शाळेतील शिक्षिका आणि दुकानात हिशेब पाहणारी गृहिणी गंभीरपणे विचारात घेऊ लागली आहे. श्रीमंतांचे चोचले म्हणून ती हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु मध्यमवर्गीय कुटुंब ज्या गोष्टीसाठी कर्ज काढण्याच्या तयारीत आहे, तिची निदान जमाखर्चाच्या वहीत तरी नीट नोंद व्हावयास हवी.

प्रस्तुत लेखिकेला या विषयात लक्ष घालावे लागले ते एका माजी विद्यार्थिनीमुळे. ती बदलापूरला राहते, मुंबईत नोकरी करते. दोन बाळंतपणे झाली, दोन्ही वेळा शस्त्रक्रियेने. धाकटे मूल आता चार वर्षांचे आहे. कर्जाचा कागद घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘मॅडम, हप्ता परवडेल का एवढेच सांगा.’ मी कारण विचारले तेव्हा बराच वेळ गप्प बसून तिने सांगितले, की गाडीत अनोळखी बायका तिला गरोदर समजून उठून जागा देतात. पहिल्यांदा तिने गैरसमज दूर केला. दुसऱ्यांदा ओशाळून हसली. तिसऱ्यांदा मात्र ती मुकाट्याने त्या जागेवर बसली आणि दादरपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. ज्यांना हा सारा नटवेपणा वाटतो त्यांनी तो दादरपर्यंतचा प्रवास क्षणभर डोळ्यांसमोर आणावा.

तथापि सहानुभूती हा निर्णयाचा पाया होऊ शकत नाही. पहिला प्रश्न हप्त्याचा नसून पोटाचा आहे. आपण ‘पोट सुटले’ असे एकाच शब्दप्रयोगात म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात त्यामागे चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. आतड्यांभोवती, म्हणजे स्नायूंच्या आत साठलेली चरबी ही एक. कातडीखालची चरबी ही दुसरी. ताणली जाऊन सैल पडलेली कातडी ही तिसरी, आणि गर्भारपणात पोटाचे दोन उभे स्नायू मध्यरेषेपासून दूर सरकून पुन्हा जवळ न येणे ही चौथी. टमी टक ही शस्त्रक्रिया शेवटच्या दोहोंवरची आहे. दुसरीवर तिचा काही प्रमाणात उपयोग होतो. पहिलीला ती हातही लावू शकत नाही.

आणि आपल्याकडे धोका आहे तो नेमका या पहिलीचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे उदाहरण छायाचित्रासह दिले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातील चरबी इंग्रज गृहस्थांच्या बाबतीत 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या बाबतीत 21.2 टक्के. दिसायला सडपातळ असलेला भारतीय माणूस आतून लठ्ठ असू शकतो, हे त्यातून जगाला कळले. कमरेचा घेर स्त्रियांत 80 आणि पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हावे, असा दंडक दक्षिण आशियाई लोकांसाठी सांगितला जातो तो यामुळेच. आता कोणी असे समजेल, की मग चरबी काढून टाकली म्हणजे मधुमेहाचे भय टळले. त्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने अमेरिकेतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरील कातडीखालची चरबी नळीने शोषून काढण्यात आली, तीही प्रत्येकी नऊ-दहा किलोच्या घरात. परंतु इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांत काहीही सुधारणा आढळली नाही. तात्पर्य, जो मनुष्य आरोग्यासाठी म्हणून ही शस्त्रक्रिया करवून घेऊ पाहतो, त्याचे पैसे चुकीच्या दुकानात पडतात. त्याच्यासाठी चालणे, जेवणावरचा ताबा आणि रक्ताची वेळोवेळी तपासणी हाच मार्ग आहे. त्याची जाहिरात कोणी करीत नाही, कारण त्यात कोणाचाच नफा नाही.

ज्यांचा प्रश्न सैल कातडीचा वा दुरावलेल्या स्नायूंचा आहे, त्यांची गोष्ट वेगळी. येथे व्यायामाला मर्यादा आहेत. स्नायूंमधील अंतर बाळंतपणानंतरच्या महिन्यांत बऱ्याच जणींचे आपोआप कमी होते. योग्य व्यायामाने ते आणखी आटोक्यात येते. पण काहींचे तसेच राहते. उताणे झोपून, गुडघे दुमडून, मान किंचित उचलली असता मध्यरेषेवर उंचवटा उभा राहतो किंवा बोटे आत जातात, ही त्याची घरगुती खूण. ताणलेली कातडी तर कोणत्याच व्यायामाने पूर्ववत होत नाही. अतिशय वजन घटवलेल्या माणसांच्या पोटावर तिची घडी लोंबते, तिच्याखाली घामाने चट्टे पडतात आणि उकाड्याच्या दिवसांत ते जखमेसारखे चिघळतात. संस्कृत कवींनी पोटावरच्या तीन वळ्यांना ‘त्रिवली’ म्हणून सौंदर्यलक्षणात जमा केले होते खरे, परंतु त्यांपैकी कोणी मे महिन्यात गर्दीच्या वेळी अंबरनाथहून मुंबईला जात नव्हता.

शस्त्रक्रिया काय असते हेही स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. जाहिरातीत ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे असतात. मधले चित्र नसते. ते असे. संपूर्ण भूल देऊन ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतला जातो. कातडी बरगड्यांपर्यंत सोडवून वर उचलतात, दुरावलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात, जादा कातडी कापून काढतात आणि बेंबीसाठी नवी जागा करतात. आत साचणारे पाणी वाहून जावे म्हणून बहुधा नळ्या ठेवाव्या लागतात. काही दिवस वाकून चालावे लागते, काही आठवडे घट्ट पट्टा वापरावा लागतो आणि सुमारे सहा आठवडे जड उचलायचे नसते. व्रण जन्मभर राहतो. तो कपड्याखाली झाकला जातो इतकेच. बेंबीखालचा भाग काही काळ, क्वचित कायमचा बधिर होतो. पाणी साचणे, रक्त साखळणे, जंतुसंसर्ग, कातडीचा कडेचा भाग मरणे हे संभवतात. पायांच्या शिरांत गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाणे हे विरळा असले तरी प्राणावर बेतणारे आहे. तंबाखूतील निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे ओढणाऱ्यांच्या जखमा नीट भरत नाहीत हे शल्यचिकित्सक विचारतात. पण मिश्री लावणाऱ्या आपल्या बायका ‘मी सिगारेट ओढत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतात आणि तो धोका नोंदीतून सुटतो. पुढे मूल हवे असेल, वजन अजून स्थिर नसेल किंवा मधुमेह ताब्यात नसेल तर ही शस्त्रक्रिया पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

आता अर्थशास्त्राकडे येऊ. केनेथ अ‍ॅरो यांनी 1963 साली एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजीबाजारासारखा नसतो. गिऱ्हाइकाला आपल्याला काय हवे आहे हेच माहीत नसते. ते सांगणारा आणि ते विकणारा एकच असतो. म्हणूनच समाज वैद्याकडून व्यापाऱ्याहून निराळ्या वर्तनाची अपेक्षा करतो. आजारपणात या विषमतेवर थोडेफार नियंत्रण विमा कंपनीचे असते, कारण पैसे देणारी ती असल्यामुळे ती प्रश्न विचारते. टमी टकच्या बाबतीत हा तिसरा डोळाही मिटलेला आहे. 2019 साली विमा नियामकाने आरोग्यविम्यातील वगळणुकींची भाषा एकसारखी केली. तीनुसार सौंदर्यविषयक वा प्लास्टिक शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. अपवाद अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेचा आणि आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी लागणाऱ्या उपचारांचा. करविभागाची दृष्टीही तीच. वस्तू व सेवा कर 2017 मध्ये आला तेव्हा वैद्यकीय सेवा करमुक्त राहिल्या. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर मात्र 18 टक्के आकारणी झाली. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करावयाची असेल तरच सूट.

या यादीत बाळंतपण नाही. माझा आक्षेप येथे आहे. रस्त्यावर स्कूटरवरून पडून पोटाचा स्नायू फाटला तर कायदा त्याला इजा म्हणतो. नऊ महिने मूल वाढवताना तो दुभंगला, कंबर धरू लागली, वाकून बादली उचलणे कठीण झाले, तर तोच कायदा दुरुस्तीला शृंगार समजतो. सरकारने सर्वांच्या कमरा सरकारी खर्चाने बारीक कराव्यात असे कोणी म्हणणार नाही. पण मोजून, तपासून, स्नायूंचे अंतर आणि त्यामुळे येणारी असमर्थता लिहून दिलेल्या रुग्णाला निदान करातून तरी वगळता येईल.

यावर कोणी विचारील, की ही वाट कोठे थांबणार? गरज आणि हौस यांची सीमारेषा या शास्त्रात प्रथमपासूनच पुसट आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवण्यात आले आणि ती हकीकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली, युरोपातील नव्या प्लास्टिक सर्जरीला चालना मिळाली ती त्यातून. कावसजी नाकावाचून श्वास घेऊ शकत होता. त्याला चारचौघांत तोंड दाखवावयाचे होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारणाऱ्या डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांचे चेहरे आणि हात दुरुस्त केले ते याच जाणिवेने, आणि पुढे तेच मांडव्याच्या खेड्यांत सार्वजनिक आरोग्याच्या कामाकडे वळले. चेहरा लपवावा लागू नये ही गरज त्यांनी खरी मानली. पण तिची दुकानदारी केली नाही.

उल्हासनगर ही मेहनतीने उभी राहिलेली व्यापारी वसाहत. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या निर्वासितांनी तिला बाजारपेठ बनविले. भाव करण्यात हातखंडा असलेले हे शहर डॉक्टरसमोर मात्र भाव करत नाही, प्रश्नही विचारत नाही. अंबरनाथ-बदलापूरकरांचीही गत तीच. वास्तविक विचारण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिला आणि 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितले, की उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून दिल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती नव्हे. तेव्हा शल्यचिकित्सकाने सर्वसाधारण शस्त्रक्रियेच्या पदवीनंतर प्लास्टिक सर्जरीची स्वतंत्र पदवी घेतली आहे काय, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत तिची नोंद आहे काय, भूलतज्ज्ञ कोण, रात्री रक्तस्राव झाला तर रुग्ण कोठे हलवणार आणि दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावे लागले तर तो खर्च ‘पॅकेज’मध्ये आहे की बाहेर, हे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

कर्जाच्या कागदावर व्याज ‘फ्लॅट बारा टक्के’ लिहिलेले असेल तर त्याचा अर्थही समजून घ्यावा. एक लाख रुपये दोन वर्षांसाठी घेतले तर चोवीस हजार व्याज मिळवून महिना सुमारे 5,167 रुपयांचा हप्ता पडतो. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावरच आकारले जाते. म्हणून खरा वार्षिक दर सुमारे साडेएकवीस टक्के होतो. त्याशिवाय बुडालेली रजा आहे. घरातील सहा आठवड्यांचे काम आहे. ते कोणत्याही पत्रकात छापलेले नसते आणि कोणाला तरी करावेच लागते.

माझ्या विद्यार्थिनीला मी हप्त्याचे उत्तर दिले नाही. मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात जाऊन केसपेपर काढ, एवढेच सांगितले. तेथील डॉक्टरला तिला काही विकायचे नव्हते. त्याने तपासून स्नायूंमधील अंतर लिहून दिले, पहिल्याच मिनिटात तिला आणखी मूल हवे आहे काय हे विचारले आणि सहा महिने व्यायामतज्ज्ञाकडे पाठवले. ज्या दवाखान्यातून ती कर्जाचा कागद घेऊन आली होती तेथे हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. उल्हासनगरच्या सरकारी मध्यवर्ती रुग्णालयापासून पालिकांच्या प्रसूतिगृहांपर्यंत बाळंतिणीला घरी सोडताना तिच्या पोटाच्या स्नायूंची अशी तपासणी आणि चार व्यायाम शिकवण्याची सोय झाली, तर त्याला ना यंत्र लागते ना मोठा निधी.

सहा महिन्यांपैकी चार झाले आहेत. अंतर थोडे कमी झाले, कंबर कमी दुखते. कातडी होती तशीच आहे. परवा गाडीत भेटली तेव्हा म्हणाली, ‘करायची तर मे महिन्यात करीन, तेव्हा आई येऊन राहू शकेल. सासूबाईंना अजून सांगितलेले नाही.’ कर्जाचा कागद तिच्या पर्समध्येच होता, बदलापूर येईपर्यंत आम्ही त्यावर पुन्हा आकडेमोड केली.