हत्तीपायाचे औषध न्हाणीघरात

आमच्या विदर्भात हत्तीपायाचे रुग्ण धोतरात, साडीत पाय झाकून दवाखान्यात येतात आणि 'सूज उतरवणारे इंजेक्शन द्या' म्हणतात. जुनी सूज इंजेक्शनाने उतरत नाही. ती वाढते वारंवार येणाऱ्या तापाने, आणि त्या तापाचे जंतू बोटांमधल्या चिखल्यांतून शिरतात. म्हणून रोज साबणपाण्याने पाय धुवा, बेचक्या कोरड्या करा, चिखल्यांना मलम लावा, बसताना पाय उंच ठेवा. ताप आल्यास पाय शेकू नका, चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. रोग डासांमुळे पसरतो. म्हणून सरकारी कर्मचारी गोळ्या घेऊन दारी आले, की गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले व गंभीर आजारी सोडून सर्वांनी त्या घ्याव्यात. माझ्या मते महागड्या लेपांपेक्षा बादलीभर पाणी मोलाचे. पाय लपवू नका, धुवा!