गुरुजींना विचारा, पण नाव न लिहिता

शाळेत काम करणं कसं वाटतं, असा फॉर्म गुरुजींकडून भरून घेतात. वर नाव, खाली सही, समोर साहेब! ‘वाईट’वर खूण कोण करील? कागदावर सगळं चांगलं, अन् गुरुजींचे डोळे बदलीकडे.

आम्ही म्हणतो, नाव न लिहिता विचारा. दोनच गुरुजींच्या शाळेत अक्षरही ओळखू येतं, म्हणून केंद्रातल्या सगळ्या शाळांचे कागद एकत्र करा. अन् नेमकं विचारा: वर्ग गळतो का, पहिलीतल्या पोरांची बोली कळते का, माहिती भरण्यात किती तास जातात? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं, जनगणना, आपत्ती, निवडणूक सोडून गुरुजींना शिकवण्याबाहेरच्या कामाला लावू नका. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के आपण पालक आहोत. ती उत्तरं समितीपुढे वाचून दाखवा, असं पुढच्या बैठकीत मागायचं.