छळ आणि बघे

शाळेत एखाद्या मुलाला सोबत्यांनी चिडविले, तर पूर्वी घंटा होताच त्याची निदान घरापुरती सुटका होत असे. मोबाइल आल्यापासून तो उंबरठाच नाहीसा झाला आहे. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप-गटात रात्री टाकलेले एखादे विद्रूप छायाचित्र सकाळच्या प्रार्थनेपूर्वी सर्वांनी पाहिलेले असते, आणि ज्याचे ते असते त्यालाही हे ठाऊक असते.

यावर शाळांतून जे शिकविले जाते ते बहुधा सावधगिरीचे असते. संकेतशब्द कोणास सांगू नये, अनोळखी माणसाशी बोलू नये, इत्यादी. हे चुकीचे नव्हे. परंतु चोरीवरचे व्याख्यान कुलूप विकणाऱ्याने द्यावे, तसा हा प्रकार आहे. शिवाय छळणारा पुष्कळदा अनोळखी नसतोच; तो मागच्या बाकावर बसलेला असतो.

नॉर्वेत संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली: दुखविण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बलाची विषमता. यांपैकी पुनरावृत्तीचे स्वरूप आंतरजालावर पालटते. टाकणारा चित्र एकदाच टाकतो. त्याची पुनरावृत्ती इतरांच्या हातून होते. 'मी फक्त पुढे पाठविले' असे म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसतो, आणि तरीही छळाचे दुसरे लक्षण त्यानेच पुरे केलेले असते.

तेव्हा पाठ द्यावयाचा तो या बघ्यांना. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टीना साल्मिव्हाली व त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली दाखवून दिले, की छळात केवळ दोघे नसतात. साथ देणारे, हसून उत्तेजन देणारे, अलिप्त राहणारे आणि पाठीशी उभे राहणारे अशा निरनिराळ्या भूमिका वर्गातील मुले वठवीत असतात. याच विचारावर 'किवा' ही योजना उभी राहिली आणि २००९ पासून ती त्या देशातील शाळांत पसरली. तीत वर्षभर नियमित तास असतात, आणि प्रसंग घडल्यास तो हाताळण्यासाठी शाळेतच शिक्षकांचे एक पथक असते. योजनेच्या शाळांत सायबर छळही कमी आढळला. हा परिणाम अफाट नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि युनेस्को यांनी २०२० मध्ये या विषयावर पुस्तिका काढली. पुस्तिका हाती देणे आणि तास घेणे यांत मात्र अंतर आहे. तो तास घेणाऱ्या शिक्षकाला एका अडचणीला प्रथम तोंड द्यावे लागेल. मूल बोलत नाही, कारण 'दे तो मोबाइल इकडे' हे वडीलधाऱ्यांचे उत्तर त्याला आधीच ठाऊक असते. संदेश पुसून न टाकता कसे जपावेत, १०९८ हा क्रमांक कशासाठी आहे, हे सर्व त्यानंतर. सांगणाऱ्याचा मोबाइल काढून घेतला जाणार नाही, हे वचन शाळेने आणि पालकांनी मिळून आधी द्यावे.