गंज आपला, गेज परका

‘हुबेहूब!’ हा शब्द आपल्याकडे कौतुकाचा कळस मानला जातो. रेल्वेची छोटी प्रतिकृती असो वा ग्रामीण कादंबरी, हा शब्द उच्चारला की चिकित्सेचे काम संपले, अशी आपली समजूत आहे. ही समजूत घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या कोऱ्या डब्यांवर, रुळांवर, भिंतींवर काळाचा हात फिरवणे ही प्रतिकृतीकारांची एक अस्सल कला आहे. पातळ केलेला तपकिरी रंग फटींत सोडायचा, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळायच्या, खडूची भुकटी चोळून धूळ आणायची. पण या कलेला कारणांचे भान हवे. रोज गाडी धावते त्या रुळाचा माथा चाकांनी घासून चकाकतो. गंज राहतो तो बाजूंना. माथाही गंजला असेल, तर तिथे बरेच दिवस गाडी आलेली नाही. सरसकट गंज फासणारा मळ दाखवतो, इतिहास नव्हे.

भंडारा जिल्ह्यातले तुमसर रोड जंक्शन घ्या. मुंबई-हावडा मार्गावरील या स्थानकातून तिरोडीचा फाटा निघतो. त्या पट्ट्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. भोवती धानाच्या बांध्या, बोड्या, कवेलूची घरे. हा देखावा उभारताना बांध्यांत पावसाचे पाणी तुंबलेले आणि रुळांवर मात्र खनिजाची कोरडी काळपट धूळ दाखवली, तर ती दोन ऋतूंची खोटी साक्ष ठरते.

त्याहून मोठी खोट पायात असते. बाजारातला एचओ रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा. १:८७ या प्रमाणात तो १४३५ मिलिमीटरच्या, म्हणजे युरोप-अमेरिकेत रूढ असलेल्या मार्गाचा होतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्यासाठी रूळ सुमारे १९.३ मिलिमीटर हवा. मग तुमसरची गाडी परक्या मापावर धावते आणि वरून तिच्यावर तुमसरची धूळ भुरभुरवली जाते!

‘तीन मिलिमीटरांचा फरक कोणाला दिसतो?’ असा प्रश्न येईल. दिसत नाही, हाच तर मुद्दा आहे. डोळ्याला दिसते ते सजवायचे आणि भार वाहणारे आयते घ्यायचे, ही वृत्ती आपल्या तथाकथित वास्तववादी लेखनातही मुरली आहे. झाडीपट्टीतल्या पात्राच्या तोंडी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ घातले की बोली आली, माती आली, असे परीक्षणांत लिहिले जाते. पण ते पाणी कोणाच्या बोडीतून कोणाच्या बांधीत आधी जाते, हे त्या कथानकाला ठाऊक नसते. उच्चार झाडीचा, पेच मात्र शहरी बैठकीतला.

आयात मापाशी माझे भांडण नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये भाऊसाहेब जोशी यांनी सुरू केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय पाहावे. तिथले शहर कल्पित आहे आणि कल्पित म्हणूनच आनंद देते. परके माप घेण्यात लबाडी नाही. ते घेऊन वर आपला गंज फासण्यात आहे.

तेव्हा समीक्षकांनी, विशेषतः वर्गात वास्तववाद शिकवणाऱ्यांनी, यापुढे धुळीचे कौतुक थोडे थांबवावे आणि फूटपट्टी घेऊन आधी रुळांतले अंतर मोजावे.